मेंढीत भेसळ होत नाही

माझ्या चुलत सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात कुणाचंही पहिलं उत्तर खरं मानलं नाही. ते दुसऱ्यांदा विचारत, मग थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून तिसऱ्यांदा विचारत, आणि तिन्ही उत्तरं जुळली तर त्यांना वाटे की हा गडी घरूनच पाठ करून आला आहे. पंचांगात अमावास्या छापलेली असतानाही अंगणात जाऊन चंद्र खरोखर नाही ना, हे पाहून येणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला. घरी त्यांना सगळे काकाजी म्हणतात. अमडापूरच्या बाजारात भाजीवाल्या त्यांना 'ठाणेदार' म्हणायच्या, अर्थात पाठीमागे. पाठीमागे आपल्याला काहीतरी म्हणत असणार, हे काकाजींनी फार पूर्वीच ओळखलं होतं. वांगी घेताना ते एकेक वांगं कानाजवळ नेऊन हलवत. वांग्यातून कसला आवाज यायला हवा ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण त्या वेळी त्यांची नजर भाजीवालीच्या चेहऱ्यावर असे. "वांग्यात काय ठिवलं? पाहाचं असते इकनाऱ्याच्या तोंडाकडं," हे त्यांचं शास्त्र.

माझं माहेर खामगावचं. वडील जिनिंगमध्ये कारकून, त्यामुळे कामं लिहून काढायची आणि झालेल्या कामावर रेघ मारायची सवय मला लहानपणापासूनची. आमचे हे चिखलीच्या शाळेत शिक्षक, म्हणून शेती माझ्याकडे. दिवसाच्या कामांची यादी मी स्वयंपाकघराच्या दाराला खिळ्याला अडकवून ठेवते. काकाजी सकाळी चहाला आले की बशी हातात घेऊन आधी यादी वाचत. एकदा पूर्ण वाचून झाल्यावर म्हणाले, "अन् जे लिवलं नाही थे?" मी म्हटलं, "न लिहिलेलं काही नाही, काकाजी." ते मान हलवत म्हणाले, "असंच असते. लिवलेलं दाखवाले असते, न लिवलेलं कराले."

त्यांचं आणि आमचं वावर शेजारी शेजारी, मध्ये एकच धुरा, म्हणजे बांध. हा धुरा आपल्या अंगावर सरकतो आहे, असा काकाजींचा कायमचा वहीम. दर पावसाळा संपला की ते धोतर खोचून स्वतःचं वावर पावलांनी मोजत. एका वर्षी मोजणीत त्यांचंच वावर वाढलेलं निघालं. दुसरा कुणी गप्प बसला असता. काकाजींना त्या आनंदानं अन्न गोड लागेना. शेवटी तडक आमच्याकडे आले. "सूनबाई, तू धुरा तुह्याकडं काऊन सरकवला? मले जमीन देऊन तुहा मतलब काय हाय?" मी शपथा घेतल्या, ह्यांनी घेतल्या, उपयोग नाही. पुढे काकीजींनी उलगडा केला. त्या वर्षी काकाजींच्या तळपायाला भोवरी झाली होती आणि पावलं आखूड पडत होती. काकाजींनी ते मान्य केलं, पण भोवरी नेमकी मोजणीच्या वेळेलाच कशी झाली, हा प्रश्न त्यांच्या मनातून गेला नाही.

ते दिवस बीटी कापसाचे होते, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत संशय हा काही फार मोठा दुर्गुण नव्हता. हवं ते बियाणं दुकानात मिळत नसे आणि नको ते मागच्या दारानं मिळे. चमकदार पाकिटात काय निघेल ते उगवल्यावरच कळे. बोंडअळी येणार नाही म्हणाले होते, ती आली. कापसाच्या पाकिटासोबत साध्या बियाण्याची एक छोटी पुडी फुकट येई. ती वावराच्या कडेनं लावायची, म्हणजे अळीचा जोर तिकडे राहतो, असा नियम होता. गावात ती कुणी लावत नसे. काकाजींनी लावली, पण नियम म्हणून नव्हे. "फुकट देऊन राह्यले म्हनजे खरी गोम याच्यातच हाय," असं म्हणून त्यांनी ती सरकी डोळ्यांसमोर राहावी म्हणून अंगणात तुळशीशेजारी पेरली, आणि काकीजी त्या हंगामभर तुळशीबरोबर पराटीलाही, म्हणजे कपाशीच्या झाडालाही, पाणी घालत राहिल्या.

आजूबाजूच्या एखाद्या गावात वाईट घडलं की आमच्याकडे पाहणी करणाऱ्यांच्या गाड्या येत. चांगली माणसं असत, हळू आवाजात विचारत. त्यातल्या एका बाईंनी काकाजींना विचारलं, "काका, मनावर ताण जाणवतो का?" काकाजींनी त्यांच्याकडे, त्यांच्या गाडीकडे आणि ड्रायव्हरकडे नीट पाहून घेतलं आणि म्हणाले, "तुमी आल्यापासून थोडा वाटून राह्यला." बाईंनी ते लिहून घेतलं. मग ते काय लिहिलं, हे वाचून दाखवल्याशिवाय काकाजींनी त्यांना उठू दिलं नाही.

पण त्यांचा सगळ्यांत जुना वैरी म्हणजे युरियाचं पोतं. त्यात मीठ मिसळतात अशी त्यांची खात्री होती. नवं पोतं आलं की ते मूठभर दाणे घेऊन थेट चुलीपाशी जात आणि तापल्या तव्यावर टाकत. सगळं वितळलं तर खरा युरिया, मागे काही उरलं तर भेसळ. पोतं बहुतेक वेळा खरंच निघे, पण घरभर असा झणका सुटे की डोळ्यांतून पाणी काढत काकीजी म्हणत, "अवं माय, या घरात भाकरीच्या आधी युरिया भाजते!" असल्या दोन-तीन परीक्षांनंतर काकीजींनी तवा लपवला. मग काकाजींनी युरियाच सोडला आणि मेंढ्या धरल्या.

आमच्याकडे धनगर वाटेनं जाताना आपला कळप शेतकऱ्याच्या रिकाम्या वावरात मुक्कामाला बसवतात. त्यांना ज्वारी-गहू मिळतो, वावराला लेंड्या आणि मूत मिळतं. जाळीचं चौकोनी कुंपण करून मेंढ्या आत बसवायच्या, दुसऱ्या दिवशी कुंपण पुढे सरकवायचं, असं करत सगळं वावर खतवून घ्यायचं. काकाजींनी सोयाबीन निघाल्यावर कळप बसवला आणि स्वतः वावरात मुक्काम ठोकला. मेंढ्या दिवसा चरायला जातात, तेव्हा दुसऱ्याच्या वावरात मोकळ्या होऊन येतात आणि आपल्या वाट्याला रिकाम्या मेंढ्या येतात, अशी त्यांची तक्रार होती. म्हातारा धनगर कंटाळून म्हणाला, "काकाजी, आता मेंढीले काय पहारा लावू?" काकाजी म्हणाले, "मंग मी काय करून राह्यलो?" पण एकंदरीत ते खूश होते. धुऱ्यावर उभे राहून त्यांनी मला बजावलं, "पोत्यात भेसळ होते, सूनबाई. मेंढीत भेसळ होत नाही."

त्याच हिवाळ्यात आमच्या गावात जव आला. आमच्या शेतकरी गटाची मी सचिव. कापसानं दोन्ही हातांनी मारल्यावर रब्बीत दुसरं काही भरवशाचं मिळतं का, हे मी वर्षभर शोधत होते. तेव्हा माल्ट तयार करणाऱ्या एका कंपनीचे अधिकारी मलकापूरहून आले. पन्नाशीचे, शांत, बोलताना सारखा चष्मा पुसणारे. त्यांनी पारावर बसून समजावलं की जव भिजवून, मोड आणून, वाळवून त्याचा माल्ट करतात आणि त्यासाठी त्यांना दाणा हवा आहे. काकाजी मागच्या खांबाला टेकून होते. त्यांनी विचारलं, "या माल्टाचं करता काय?" साहेब म्हणाले, "लहान मुलांच्या दुधात टाकायची पावडर होते." काकाजींनी दुसऱ्यांदा विचारलं. साहेब म्हणाले, "बिस्किटांत जातो." काकाजींनी तिसऱ्यांदा विचारलं. साहेबांनी चष्मा पुसला. "बियरही होते." काकाजी सगळ्यांकडे वळून म्हणाले, "म्हनजे लेकरू लहान असलं तरी गिऱ्हाईक यायचंच, अन् मोठं झालं तरी यायचंच!"

पार हसला. पण साहेबांच्या पुढच्या अटीनं सगळ्यांचं हसू ओसरलं. युरिया पेरणीच्या वेळी थोडा, पहिल्या पाण्याला थोडा, त्यानंतर चिमूटभरही नाही. आम्ही कापूसवाले. पीक जरा पिवळं दिसलं की हात आपोआप पोत्याकडे जातो. साहेब म्हणाले, "युरिया जास्त झाला की जव हिरवागार होतो, माजतो आणि लोळतो. दाण्यात पिठाऐवजी प्रथिनं वाढतात. असा दाणा पाणी सारखं पीत नाही, मोड एकसारखे येत नाहीत, माल्ट बिघडतो. अगदीच कमी टाकलात तर दाणा चांगला येईल, पण पोती भरणार नाहीत. मधला मार्ग धरा." आणि मग खरी गोष्ट सांगितली. सगळ्या गटाचा माल एकाच ढिगात मिसळला जाईल, त्या ढिगाची तपासणी होईल आणि प्रथिनं मर्यादेबाहेर गेली तर अख्खा ट्रक परत. मग तो गुरांच्या चाऱ्याच्या भावानं विका, आणि पुढच्या वर्षी कंपनी या गावात येणार नाही.

काकाजी आमच्या घरापर्यंत माझ्यासोबत चालत आले. "सूनबाई, आजवर गावात आलेला हरेक मानूस 'टाका' म्हने. बियानं टाका, औषध टाका, खत टाका. हा पयला 'टाकू नका' म्हनते. कवा पाह्यला तू असा मानूस? काही तरी हाय." मला वाटलं, आता हे गटात येत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी नाव त्यांनीच दिलं. "बाहेर राहून पाहता येत नाही," म्हणाले.

आणि मग त्यांनी पाहायला सुरुवात केली. गटात कुणीतरी चोरून युरिया टाकणार आणि सगळ्यांना बुडवणार, यात त्यांना शंका नव्हती. फक्त कोण, एवढंच शोधायचं होतं. रोज सकाळी ते आपल्या वावरातलं जवाचं एक पान तोडून टोपीत खोचत आणि गावभर फिरत. दुसऱ्याच्या वावरात शिरून तिथलं पान तोडत, दोन्ही पानं छत्रीच्या सावलीत शेजारी शेजारी धरत आणि रंग पाहत. उन्हात रंग खोटा बोलतो, म्हणून सावली. माझ्या वावरात साहेबांनी दाखवण्यासाठी तीन पट्टे आखून घेतले होते, एकात युरिया नाही, एकात सांगितला तेवढा, एकात दुप्पट. पहिल्यात पीक फिकट आणि विरळ, दुसऱ्यात बेताचं, तिसऱ्यात काळपट हिरवं आणि दाट. काकाजींनी तिन्ही पाहून निकाल दिला, "एक उपाशी, एक जेवलेलं, अन् एक ढेकर देनारं." तरीही मी मधल्या पट्ट्यात गुपचूप काही टाकते की काय, हे ते रोज संध्याकाळी बघून जात.

त्यांच्या पलीकडच्या धुऱ्याला रशीदभाईंचं वावर. रशीदभाईंची मळणीची मशीन, स्वभाव मोकळा, हसणं गावभर ऐकू येणारं. काकाजींचा मुख्य संशय त्यांच्यावर, कारण "जो मानूस इतका हासते त्याले काही तरी लपवाचं असते." रोजच्या पान-तपासणीला कंटाळून एकदा रशीदभाई म्हणाले, "काकाजी, अल्लाकसम, एक दाना जास्त नाही टाकला. पाह्यजे तं माही बी नाडी पाहा." काकाजींनी खरोखर त्यांचा हात धरला, थोडा वेळ डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "जोरात चालून राह्यली."

गंमत अशी की कुणाचंच पान काकाजींच्या पानाएवढं हिरवं निघेना. गावातला सगळा जव त्यांच्यापेक्षा फिका. चोर सापडत नव्हता म्हणून ते अधिकच बेचैन झाले. मला म्हणाले, "सगळ्यायची पानं माह्यापेक्षा फिकी! एखाद-दोघायची असती तं समजलो असतो. सगळ्यायची? सगळे मिळून काही तरी करून राह्यले." त्यांचं स्वतःचं पीक मात्र असं उभं राहिलं की चिखलीच्या रस्त्यानं जाणारे मोटारसायकल थांबवून पाहत. ज्या माणसाला आयुष्यात कापसानं एकदाही शाबासकी दिली नव्हती, त्याच्या वावरात लोक पाहायला येत होते. काकाजी धुऱ्यावर बसून राहत, येणाऱ्याला दूर उभं करत, पण रोज डोक्यावर धुतलेली टोपी असे.

मग साहेब पाहणीला आले. काकाजींच्या वावरापुढे बराच वेळ उभे राहिले. चष्मा पुसला. "काकाजी, युरिया किती टाकला?"

"एक दाना नाही."

साहेबांनी थोडं थांबून पुन्हा विचारलं, "पहिल्या पाण्यानंतर काही टाकलंत का?"

"नाही म्हनलं ना. एक दाना नाही."

साहेब पिकात शिरून आले, इकडचं तिकडचं बोलले, आणि जाता जाता म्हणाले, "म्हणजे युरिया नाहीच ना टाकला?"

काकाजींचा चेहरा मी विसरणार नाही. जन्मभर जगाला तीन तीन वेळा विचारणाऱ्या माणसाला पहिल्यांदा कुणीतरी तिसऱ्यांदा विचारलं होतं.  साहेब गेल्यावर मला म्हणाले, "सूनबाई, मी खोटं बोलतो असं वाटलं काय त्याले?" त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही, आणि यादीही वाचली नाही.

शेवटचं पाणी दिलं आणि दोन दिवसांनी वारं सुटलं. सकाळी पाहिलं तर काकाजींचा जव लोळला होता. आमचा उभा, रशीदभाईंचा उभा, आणि मधोमध काकाजींचं पीक एखाद्यानं अंग टाकावं तसं आडवं. कुणीतरी आपल्या वावरात चोरून युरिया टाकला, हे त्यांच्या दृष्टीनं आता सिद्धच झालं होतं. संशयित तिघे. रशीदभाई, कारण ते हसतात. साहेब, कारण त्यांना आपलं म्हणणं खरं करून दाखवायचं होतं. आणि मी, कारण धुऱ्याचा जुना हिशेब. तपासासाठी त्यांनी आम्हाला दुपारी वावरात बोलावलं आणि चोर कोणत्या बाजूनं आला ते वरून दिसेल म्हणून रशीदभाईंना राखणीच्या मचाणावर चढवलं. काकीजी भाकरी घेऊन आल्या होत्या, त्या बाभळीखाली बसल्या.

"काय दिसते बे?" खालून काकाजी ओरडले.

"काकाजी, हे तं चौकोनी चौकोनी लोळलं!" वरून रशीदभाई. "चौकोनात आडवं, चौकोनायच्या मधात उभं. बुद्धिबळाच्या पटावानी!"

काकाजींचा विश्वास बसेना. गुडघा धरत धरत ते स्वतः चढले आणि वरूनच म्हणाले, "युरिया चौकोनात कोन टाकते?"

काकीजी कांदा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "युरिया नाही टाकत चौकोनात. मेंढ्या बसते चौकोनात."

 रशीदभाई हसले नाहीत, आणि त्यांना न हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. आम्ही सगळ्या गटानं, साहेबांनीसुद्धा, एकमेकांना युरिया विचारला होता. मेंढ्या कुणी विचारल्याच नव्हत्या.  काकाजी मचाणावरून खाली उतरले आणि संध्याकाळी त्यांनी माझ्या फोनवरून साहेबांना विचारलं, "साहेब, मेंढीच्या मुतात युरिया असते काय?"

"असतो की. तोच असतो."

"भेसळ नसते?"

"नाही. अगदी शुद्ध."

"म्हनलं नव्हतं?" काकाजी माझ्याकडे पाहून म्हणाले. पण त्या म्हणण्यात नेहमीचा जोर नव्हता.

आता प्रश्न उरला ढिगाचा. साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की काकाजींचा माल मिसळला तर ढीग मर्यादेबाहेर जाऊ शकतो, तुम्ही आपसांत ठरवा. आपसांत म्हणजे मीच. आमच्याकडे सून सासऱ्याच्या पंक्तीत वाढते, पण 'तुमचा माल नको' असं त्यांना तोंडावर सांगत नाही. गटातल्या इतरांनीही वडीलधाऱ्या माणसाला ते सांगायचं धाडस केलं नाही. सगळे म्हणाले, वहिनी सांगतील. आणि मी, जी कोणतंही काम यादीत लिहिलं की दुपारपर्यंत उरकते, ते काम यादीत लिहूसुद्धा शकत नव्हते, कारण यादी काकाजी वाचत.

माल घालायचा दिवस उजाडला. अमडापूरच्या एका गोदामात सगळ्यांच्या पोत्यांच्या थप्प्या लागल्या. काकाजींचीही बैलगाडी आली. साहेबांनी टेबलावर पेटीएवढं यंत्र मांडलं होतं. त्यात मूठभर जव ओतला की थोड्या वेळात प्रथिनांचा आकडा दिसे. काकाजी खुर्ची ओढून यंत्रासमोर बसले, जसा जावई पहिल्या दिवाळीला बसतो, ताठ आणि सावध. त्यांनी रशीदभाईंच्या पोत्यातला जव घेऊन तपासायला लावला. मग तोच जव पुन्हा दिला, "हा सूनबाईचा" म्हणून. मग तिसऱ्यांदा, "अन् हा माहा." तिन्ही वेळा आकडा तोच. काकाजींनी खुर्ची मागे सरकवली. "हे नाव पाहत नाही, साहेब. असं तं आमच्याकडं मानूस बी भेटत नाही."

मग ते उठले. आम्ही सगळे पोती सोडायला लागलो होतो, पहिलं पोतं ढिगासाठी अंथरलेल्या ताडपत्रीवर रिकामं होणार, तेवढ्यात ते म्हणाले, "थांबा. माह्या पोत्याचा नमुना आधी काढा. येगळं."

साहेब म्हणाले, "काकाजी, गटाचा ढीग एकत्रच..."

"ढिगात गेल्यावर कोनता दाना कोनाचा थे वळखू येत नाही. म्हनून तं आधी काढा." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "म्या साऱ्या गावाची पानं तोडली. माहा संशय आता एकावरच उरला, अन् थो मानूस मी हाय."

साहेबांनी काकाजींच्या पोत्यांतून नळी खुपसून नमुना काढला. यंत्रानं आकडा दाखवला. तो मर्यादेच्या बाहेर होता, थोडाथोडका नव्हे, चांगलाच बाहेर.  काकाजींनी दुसऱ्यांदा तपासायला सांगितलं नाही. वळले आणि आपलं पोतं परत गाडीत टाकायला उचलू लागले. ते एकट्यानं उचलण्यासारखं नव्हतं. रशीदभाईंनी दुसरं टोक धरलं.

"रशीद, तुह्यावर म्या रोज आळ घेतला."

"काकाजी," रशीदभाई पोत्याच्या त्या बाजूनं म्हणाले, "तुमी आळ घेत नाही त्या दिवशी आमच्या घरचे इचारते, काकाजीची तब्येत तं बरी हाय ना?"

ढीग पास झाला. ट्रक गेला. साहेब निघताना काकाजींच्या गाडीपाशी गेले आणि म्हणाले, "तुम्ही युरियाचा एक दाणा टाकला नव्हता, हे मला तेव्हाच पटायला हवं होतं." काकाजी म्हणाले, "पयल्या उत्तरावर कोनी भरोसा ठिवू नाही. बराबर केलं तुमी." काकीजींनी तो सगळा जव भाजून सातूचं पीठ केलं आणि उन्हाळाभर गटातल्या प्रत्येक घरी गूळ घालून कालवलेला सातू पोहोचत राहिला. चव उत्तम होती. प्रथिनं तर होतीच.

पुढच्या वर्षी साहेबांच्या सांगण्यावरून मेंढ्या कपाशीच्या वावरात बसल्या आणि काकाजींचा जव ढिगात गेला. त्यानंतर काही हंगाम बरे गेले. मग त्यांचा गुडघा साफ धरला, आणि त्यांचा मुलगा काकाजी-काकीजींना पुण्याला घेऊन गेला. जाण्याआधी काकाजी चहाला आले, यादी वाचली, आणि कपात बघत म्हणाले, "वावर तूच वाह्य." मी म्हटलं, "कागद करू या, साक्षीला रशीदभाईंना बोलावते." ते म्हणाले, "कायले?" ज्या माणसानं चंद्राला साक्षीदार मागितला असता, त्यानं मला आपलं वावर नुसतं तोंडानं दिलं.

मी दर रविवारी त्यांना फोन करते. पेरलं किती, पाणी कधी दिलं, खत कोणतं, सगळं यादीवरून क्रमानं वाचून दाखवते. पहिली दोन वर्षं ते अडवायचे, उलटून विचारायचे, तेच पुन्हा फिरवून विचारायचे, आणि एक फोन तासभर चालायचा. हल्ली ते शेवटपर्यंत ऐकून घेतात आणि म्हणतात, "तू लिवलं ना? मंग झालं." पहिलं उत्तर, आणि झालं. इतकी वर्षं त्यांच्या संशयाला मी वैतागत आले, आणि आता त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला की फोन ठेवल्यावर मीच यादी पुन्हा दोनदा तपासते.

मागच्या रविवारी मी धुऱ्यावरूनच फोन लावला होता. रशीदभाई शेजारी उभे राहून स्पीकरवर ऐकत होते. यादी संपली, तिकडून "मंग झालं" आलं, आणि मी फोन ठेवायच्या बेतात होते, पण त्यांचा आवाज थकलेला वाटला. रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि बोटानं हळूच स्वतःच्या वावराकडे खूण केली. मी म्हटलं, "काकाजी, एक सांगायचं राहिलं. यंदा रशीदभाईंचा जव जरा जास्तच हिरवा दिसतो."

तिकडे खाटेची करकर ऐकू आली. कुणीतरी उठून बसलं होतं.

"किती हिरवा?"

"चांगलाच."

"सूनबाई, तसं पाहू नको. दोन्हीकडचं पान तोड अन् जवळ जवळ धर. उन्हात नको, सावलीत पाहाजो. अन् रशीदले सांगू नको!"

मी दोन पानं तोडली. रशीदभाईंनी आपला गमछा वर ताणून सावली केली. दोन्ही पानांचा रंग अगदी एक होता.

"काय दिसते?" पुण्याहून काकाजींनी विचारलं, आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारलं.

"काहीतरी आहे, काकाजी," मी म्हटलं.